बल्ब बदलल्याने वीजबिल खरेच उतरते का? सोलापुरातील घरासाठी पायरीपायरीने हिशेब

वीज वाचविणारा बल्ब लावला की बिल उतरते, ही गोष्ट खरी आहे. मात्र किती उतरते, हे बल्बच्या खोक्यावर लिहिलेले नसते. कोणता दिवा काढून तिथे नवा लावला, तो रोज किती तास जळतो आणि महिन्याचे युनिट बिलाच्या कोणत्या टप्प्यात पडतात, यांवर ते ठरते. ज्यांनी नुकताच संसार मांडला आहे, जे शिक्षणासाठी खोली घेऊन राहत आहेत किंवा कुंभारीच्या रे नगरासारख्या वसाहतीत ज्यांना प्रथमच स्वतःच्या घराचा मीटर मिळाला आहे, त्यांनी हा हिशेब एकदा तरी स्वतःच्या हाताने करावा. त्यासाठी कागद, पेन, मागच्या महिन्याचे बिल आणि सेकंद दाखवणारे घड्याळ एवढेच लागते.

पहिली पायरी : बिल वाचणे

महावितरणच्या बिलावर चालू रीडिंग आणि मागील रीडिंग असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे त्या महिन्यात वापरलेले युनिट. १,००० वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होतो. म्हणजे १०० वॉटचा दिवा १० तास जळाला तरी एक युनिटच. रीडिंग न मिळाल्यामुळे सरासरीने आलेले बिल असेल, तर ते या कामासाठी बाजूला ठेवावे, कारण त्यातला आकडा तुमच्या घराचा खरा वापर सांगत नाही.

रुपयांच्या रकान्यात पहिला असतो तो स्थिर आकार. घराला महिनाभर कुलूप असले तरी तो लागतोच, त्यामुळे कोणताही बल्ब त्यात एक पैसाही कमी करू शकत नाही. त्याखालचे वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार हे मात्र युनिटवर चालतात, आणि घरगुती ग्राहकाला या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क लागते. वीज आकाराचे टप्पे आहेत : १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत बराच चढा, ३०१ ते ५०० पर्यंत आणखी चढा आणि ५०० च्या पुढे सर्वांत जास्त. शंभराच्या वर एक युनिट गेला की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, असे पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. तसे नाही. पहिले १०० युनिट स्वस्त दरानेच मोजले जातात आणि फक्त वरच्या युनिटना वरचा दर लागतो. याचीच दुसरी बाजू आपल्या कामाची आहे. वाचवलेला युनिट नेहमी वरच्या टोकाचा असतो, म्हणून १४० युनिट वापरणाऱ्या घरात वाचलेले पहिले ४० युनिट महागड्या टप्प्यातले असतात, तर ७० युनिट वापरणाऱ्या घरात तेवढेच युनिट वाचले तरी त्यांची किंमत निम्म्याच्या आसपास भरते.

दर वेळोवेळी बदलतात, त्यामुळे ते आपल्याच ताज्या बिलावरून घ्यावेत. ज्या टप्प्यात तुमचे शेवटचे युनिट पडतात त्याचा वीज आकार, त्यात प्रतियुनिट वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवून त्या बेरजेवर १६ टक्के चढवले की तुमच्या घरी एका युनिटची खरी किंमत काय, ते समजते. पुढील उदाहरणांत मी केवळ हिशेबापुरते पहिल्या टप्प्यासाठी ७ रुपये आणि दुसऱ्यासाठी १३ रुपये धरले आहेत. भाड्याच्या खोलीत घरमालकाचा सबमीटर असेल, तर तो ज्या दराने पैसे घेतो तोच तुमचा दर; टप्प्यांचा विचार मग त्याने करायचा.

दुसरी पायरी : घरातले दिवे मोजणे

हे काम दिवसा करू नये. रात्री आठच्या सुमारास, जेव्हा स्वयंपाकघरात भाकरी चालू असते आणि बाहेरच्या खोलीत मुले अभ्यासाला बसलेली असतात, तेव्हा कागद घेऊन घरभर फिरावे आणि प्रत्येक दिव्यापुढे त्याची जात, वॉट आणि रोजचे तास लिहावेत. तास लिहिताना प्रामाणिक राहावे. जुन्या पेठांमधल्या माळवदाच्या घरांत आतल्या खोलीला खिडकी नसते आणि तिथे भर दुपारीही दिवा लागतो. विडी वळणाऱ्या बाईच्या घरात पहाटेपासून एक दिवा तिच्या सुपावर असतो. असे तास विसरले, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

वॉट दिव्यावर छापलेले असतात. तारेचा पिवळा बल्ब बहुधा ६० किंवा ४० वॉटचा असतो, आणि त्यातली फार थोडी वीज उजेडाच्या कामी येऊन बाकीची उष्णता होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर असताना ही उष्णता पुन्हा पंख्याने हलवत बसणे म्हणजे सोलापुरात दुहेरी खर्च आहे. ६० वॉटच्या पिवळ्या बल्बाएवढा उजेड १४-१५ वॉटचा सीएफएल देतो आणि तेवढाच किंवा थोडा अधिक ९ वॉटचा एलईडी देतो. जुन्या जाड ट्यूबवर ४० वॉट लिहिलेले असते, पण तांब्याच्या तारेचा जड चोक स्वतः १२ वॉटांच्या आसपास खातो, त्यामुळे तिथे ५२ धरावेत. तिच्या जागी २० वॉटची एलईडी ट्यूब घरच्या कामाला पुरते.

आता झिरोच्या बल्बाकडे यावे. देवघरात किंवा निजायच्या खोलीत रात्रभर जळणारा लाल-हिरवा झिरो बल्ब नावाप्रमाणे शून्य वॉटचा असतो, असे निम्म्या घरांत आजही मानले जाते. प्रत्यक्षात तारेचा झिरो बल्ब १२ ते १५ वॉट घेतो. पूर्वीच्या चकतीच्या मीटरवर एवढा कमी वापर नीट उमटत नसे, म्हणून त्याला हे नाव पडले, असे जुने वायरमन सांगतात. आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर तो पुरेपूर उमटतो. १५ वॉटचा दिवा रोज १० तास जळला, तर महिन्याला साडेचार युनिट होतात. त्या जागी अर्ध्या वॉटचा एलईडी लावला, तर तेवढ्याच तासांना युनिटचा सातवा हिस्सा लागतो. घरातला सर्वांत मिणमिणता दिवा बदलण्याच्या यादीत पुष्कळ वरचा निघतो, तो असा.

तिसरी पायरी : मीटरलाच विचारणे

खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही, कारण मोजण्याचे यंत्र दारातच टांगलेले आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ ‘इम्प’ या अक्षरांसह ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ इतकाच, की एक युनिट होईपर्यंत तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो.

फ्रिज, पंखे, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, मोबाइलचे चार्जर आणि विशेष करून इन्व्हर्टर, हे सगळे काही मिनिटे पूर्ण बंद करावे. इन्व्हर्टर विसरू नये, कारण बॅटरी चार्ज होत असताना तो एकटा बल्बाच्या कित्येक पट वीज ओढतो. मग फक्त एक दिवा लावून दोन लुकलुकींमधले सेकंद मोजावेत. मीटरवर ३२०० असेल, तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागले की वॉट मिळतात. १६०० असेल, तर २२५० ला भागावे. ६० वॉटच्या पिवळ्या बल्बाला दर १८-१९ सेकंदांनी लुकलुक होते. तो काढून ९ वॉटचा एलईडी लावल्यावर पुढची लुकलुक यायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि बघणाऱ्याला मीटर बंद पडला की काय, अशी शंका येते. हा प्रयोग मी घरातल्या ज्येष्ठांना करून दाखवला, त्यानंतर पिवळ्या बल्बाची बाजू घेणारे आमच्याकडे कोणी उरले नाही.

सगळे बंद असतानाही दिवा लुकलुकत राहिला, तर कुठेतरी काहीतरी चालू राहिले आहे किंवा वायरिंगमधून वीज गळते आहे. तेव्हा बल्बाचा विचार बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवावे.

चौथी पायरी : गुणाकार

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेले एक जुने घर धरू. स्वयंपाकघरात ६० वॉटचा बल्ब रोज ५ तास, मागच्या खोलीत तसाच ४ तास, व्हरांड्यात तसाच ३ तास. न्हाणीत ४० वॉटचा दीड तास. बाहेरच्या खोलीत जुनी ट्यूब चोकसह ५२ वॉट, ६ तास. आणि देवघरात झिरोचा १५ वॉट, १० तास. वॉटना तासांनी गुणून बेरीज केली, तर दिवसाला १,२४२ वॉट-तास होतात; त्याला ३० ने गुणून हजाराने भागले की महिन्याचे ३७ युनिटच्या थोडे वर होतात. आता ६० च्या जागी ९ वॉटचे, न्हाणीत ५ वॉटचा, बाहेरच्या खोलीत २० वॉटची एलईडी ट्यूब आणि देवघरात अर्ध्या वॉटचा दिवा लावला, तर तेवढ्याच तासांना दिवसाला सुमारे २४० वॉट-तास, म्हणजे महिन्याला ७ युनिटच्या जरा वर लागतात. वाचले ३० युनिट. ७ रुपयांच्या दराने ते २१० रुपये, १३ च्या दराने ३९० रुपये. सगळे दिवे मिळून ७०० रुपयांना पडले असे धरले, तर ७ च्या दराने ही रक्कम साडेतीन महिन्यांच्या आत आणि १३ च्या दराने दोन महिन्यांच्या आत वसूल होते.

हेच घर आधीच सीएफएलवर असेल, तर चित्र निराळे दिसते. १५ वॉटचा सीएफएल काढून ९ वॉटचा एलईडी लावल्यास ६ वॉटच वाचतात. रोज ५ तासांनी महिन्याला ०.९ युनिट, म्हणजे ७ च्या दराने सहा-साडेसहा रुपये. १०० रुपयांचा बल्ब वसूल व्हायला सव्वा वर्षाहून अधिक काळ जातो. म्हणून माझे मत असे, की पिवळा बल्ब आणि चोकची ट्यूब चालू असली तरी आजच काढावी, पण चांगला चालणारा सीएफएल जाईपर्यंत वापरावा. तो संडास-न्हाणीत असेल तर मात्र बदललेला बरा, कारण वारंवार चालू-बंद करण्याने सीएफएल लवकर जातो आणि पूर्ण उजेडाला यायला त्याला वेळही लागतो. माळ्यावर वर्षातून चार वेळा लागणारा पिवळा बल्ब जिथल्या तिथे राहू दिला, तरी बिलाला त्याचा पत्ताही लागत नाही.

पाचवी पायरी : खरेदी

इथे मी स्वतः फसलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. काही वर्षांपूर्वी आठवडी बाजारात एका हातगाडीवर ‘१२ वॉट’ लिहिलेले बिनखोक्याचे बल्ब फार स्वस्तात मिळाले आणि मी सहा घेतले. घरी मीटरवर मोजले तर दर अडीच मिनिटांहून अधिक वेळाने लुकलुक, म्हणजे जेमतेम ७ वॉट. बिल कमी आले, यात शंका नाही, पण उजेडही कमी आला आणि स्वयंपाकघरात पुन्हा दुसरा दिवा लावावा लागला. दिवाळीपर्यंत सहांपैकी चार गेले. स्वस्त बल्ब घेऊन वाचवलेले पैसे असे दोन्ही बाजूंनी निघून गेले.

तेव्हापासून मी वॉट नंतर बघतो, आधी ल्युमेन बघतो. ल्युमेन म्हणजे दिव्यातून मिळणारा उजेड. तो खोक्यावर छापलेला असतो आणि ९ वॉटच्या बऱ्या एलईडीत ८०० ते ९०० च्या आसपास भरतो. दोन बल्बांच्या वॉटांत फरक नसेल, तर ज्याचे ल्युमेन जास्त तो घ्यावा. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकित लेबल असावे, तारे जितके जास्त, तितकी वीज कमी. लेखी वॉरंटी आणि पक्के बिल हवे. केंद्र सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू केली, तिच्यातील घाऊक खरेदीमुळे एका बल्बाचा खरेदीदर ३१० रुपयांवरून ३८ रुपयांपर्यंत उतरला आणि बाजारातल्या किमतीही खाली आल्या. चांगला बल्ब आता परवडत नाही, असे म्हणण्यासारखी स्थिती उरलेली नाही.

रंगाचा बिलाशी संबंध नाही. पांढऱ्या आणि पिवळसर उजेडाला वीज जवळपास सारखीच लागते. ज्या घरात शिलाई चालते किंवा सुताच्या छटा जुळवाव्या लागतात, तिथे मात्र खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० किंवा त्याहून अधिक आहे का, ते पाहावे. अन्यथा रात्री जुळवलेला मोतिया सकाळी उन्हात पिवळा निघतो, हे चादरीच्या कारखान्यात काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

सहावी पायरी : बसवणे

बटण बंद करून, जमल्यास मेन स्विच खाली ओढून, जुना बल्ब थंड झाल्यावर काढावा. ट्यूबच्या जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब बसवायची असेल, तर चोक आणि स्टार्टर वायरमनकडून काढून घ्यावेत; चोक वाटेत राहिला, तर वाचलेल्या विजेतला वाटा तो खात राहतो. एलईडीला उष्णता सोसत नाही. त्याच्या तळाशी असलेले इलेक्ट्रॉनिक सर्किट तापून आधी जाते, त्यामुळे पत्र्याच्या छताला चिकटून किंवा चहूबाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात तो लावू नये. खोक्यावरचे २५,००० तास अशा जागी मिळत नाहीत.

बटण बंद करूनही एलईडी अंधारात मंद चमकत राहिला, तर घाबरू नये. बटणात लाल इंडिकेटर असेल किंवा जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असेल, तर असे होते. दुसरे कारण असेल तर ते दुरुस्त करून घ्यावेच, कारण तशा होल्डरमध्ये बटण बंद असतानाही वीज असते आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसू शकतो.

सातवी पायरी : फरक तपासणे

आमच्या घरी पहिल्यांदा सगळे बल्ब बदलले ते मार्चच्या शेवटी, आणि एप्रिलचे बिल आले ते मार्चपेक्षा जास्त. “एवढे पैसे घालून बिल वाढवलंत,” हे वाक्य मला पुढे बरेच दिवस ऐकावे लागले. कारण साधे होते : एप्रिलमध्ये कूलर बाहेर निघाला होता आणि पंखे रात्रंदिवस फिरत होते. साधा छताचा पंखा ७५ वॉटचा असतो. तो रोज १८ तास चालला, तर महिन्याला ४० युनिट होतात, म्हणजे वरच्या जुन्या घरातल्या सगळ्या दिव्यांपेक्षा एक पंखा जड. पाइपचे पाणी काही दिवसांआड येते आणि त्या दिवशी मोटर चालते. अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरला तासाला अर्धा युनिट सहज लागतो. त्यामुळे बल्बांचा परिणाम तपासताना मागच्या महिन्याशी तुलना करू नये. बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यातून गेल्या वर्षीचा तोच महिना काढावा, आणि तुलना रुपयांची न करता युनिटची करावी, कारण मधल्या काळात दर बदललेला असू शकतो. ज्यांना बिल आणखी उतरवायचे आहे, त्यांनी दिव्यांनंतर २८ ते ३५ वॉटच्या बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर फिरणाऱ्या मोटरच्या पंख्याकडे वळावे. त्याच १८ तासांना तो १५ ते १९ युनिट घेतो.

एक सवय मात्र मोडावी लागते. “केवढासा तो बल्ब, जळू दे,” म्हणत व्हरांड्यातला एलईडी रात्रभर चालू राहतो. ९ वॉटचा दिवा ३ तासांऐवजी १२ तास जळला, तर महिन्याला ०.८ युनिटचे ३.२ होतात. वळवाच्या पावसात लाइट गेल्यावर हाच सैलपणा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर येतो.

काढलेले सीएफएल आणि ट्यूब यांत थोडा पारा असतो. ते फोडू नयेत आणि रोजच्या कचऱ्यात मिसळू नयेत. कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीतून, घंटागाडीवरच्या माणसाला सांगून द्यावेत. घरात फुटलाच, तर खिडक्या उघडून खोलीबाहेर जावे आणि पंधरा मिनिटांनी जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत. झाडू फिरवू नये.

नवा बल्ब लावताना त्याच्या तळाच्या पांढऱ्या भागावर मार्करने तारीख लिहावी आणि दुकानाचे बिल मीटरच्या पेटीतच खोचून ठेवावे. वॉरंटीत बल्ब गेला, तर दुकानदारासमोर वाद घालावा लागत नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या बल्बावर गड्ड्याच्या जत्रेतून परतल्या दिवशीची, १५ जानेवारीची तारीख आहे. फोडणीच्या धुराने ती पुसट झाली आहे, तरी वाचता येते.